रोज एक रील आणि राहिलेला पेपर

कुडाळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. घरचा आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कोकम सरबताचा धंदा. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि धंद्याचं इन्स्टाग्राम तीच सांभाळते. ते लिहितात, ‘रोज एक रील टाकायला लावतो, तरी ऑर्डरी वाढत नाहीत. त्यात कॉस्टिंगचा पेपर राहिला. कॉलेज सोडवून साठ हजारांच्या डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सला घालू, की बँकेच्या परीक्षांना बसवू?’

सप्रेम नमस्कार.

राहिलेल्या पेपराची मला काळजी वाटली नाही, तो पुढच्या खेपेला सुटेल. काळजी वाटली ती तुमच्या या वाक्याने: ‘कॉलेजात असली तरी दुपारी फोन करून किती व्ह्यूज झाले ते विचारतो.’ एकोणीस वर्षांच्या मुलीने वर्गात बसून घरच्या मिळकतीचा जाब द्यायचा? तिला नाचाच्या रील करायला आवडत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. पुढे ‘पण चालतं तेच करायला हवं ना?’ असंही. नाही, करायला नको. मुलीची इच्छा नसताना तिला कॅमेऱ्यासमोर नाचायला लावणं मला कुठल्याही धंद्यासाठी मान्य नाही. ते आजपासून थांबवा. या कामाचे तिला पैसे देता का, याबद्दल तर पत्रात अक्षर नाही. बाहेरचा माणूस ठेवला असता तर दिले असतेत. तिलाही द्या, दर महिन्याला, तिच्या खात्यात.

आता तुमचा मोठा गैरसमज. व्ह्यूज म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. गाजत्या गाण्यावरची रील ८२ हजार वेळा पाहिली गेली आणि ऑर्डरी आल्या दोन. पाहणाऱ्यांनी गाणं पाहिलं, आगळ नाही. आजी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं वेगळी करतेय, रसात बुडवून पुन्हा उन्हात घालतेय, हा व्हिडिओ लेकीने स्वतःच्या मनाने केला होता. तो जेमतेम ४०० वेळा पाहिला गेला, म्हणून ‘फुकट गेला’ म्हणत तुम्ही काढून टाकायला लावलात. पण दोनच ओळींनंतर तुम्ही लिहिता की त्याच आठवड्यात अकरा जणांनी फोन करून सोलकढीला आगळ किती घालायचं ते विचारलं. अहो, ही माणसं स्वयंपाकघरात उभी राहून विचारत होती! ज्याने कधी सोलकढी केली नाही त्याला आगळात मीठ असतं आणि सरबतात साखर, हे ठाऊक नसतं. गोड सरबताची सोलकढी एकदा बिघडली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून काय दाखवायचं ते गाण्यांच्या यादीत शोधू नका, तुमच्या फोनवर शोधा. एक वही ठेवा. बाटली कुरिअरमध्ये गळते का, आमसुलं काळी का दिसतात, मुंबईला घरपोच कितीला पडेल, जो प्रश्न तीनदा येईल त्याचा व्हिडिओ. रातांब्यांच्या हंगामात, एप्रिल ते जूनपर्यंत, भरपूर चित्रण करून ठेवा आणि ते वर्षभर पुरवा. आठवड्याला दोन व्हिडिओ पुष्कळ झाले. किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती जणांनी जपून ठेवलं, पुढे पाठवलं आणि मेसेज केला, ते बघा.

‘पित्तावर रामबाण’, ‘वजन घटवा’ असं लिहायलाही तुम्ही तिला सांगताय. तिचा नकार बरोबर आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी २०१८ चे नियम आहेत आणि पुराव्याशिवाय असे दावे करता येत नाहीत. नोटीस आली तर ती धंद्याच्या नावावर येईल. त्यापेक्षा लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक नीट दिसेल असा दाखवा.

साठ हजारांचा कोर्स नको. प्राथमिक गोष्टी मेटा ब्लूप्रिंट आणि गुगल स्किलशॉप या त्या कंपन्यांच्याच ऑनलाइन शिकवण्यांवर फुकट शिकता येतात. बँकेच्या क्लार्क आणि पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षांना पदवी लागतेच, म्हणजे बी.कॉम. सोडून तिथेही भागत नाही. आणि राहिलेला पेपर नेमका कॉस्टिंगचा! बाटली, लेबल, कुरिअर, वाटेत फुटलेला माल असं सगळं धरून एक लिटर आगळ तुम्हाला कितीला पडतं, हे घरात कुणी काढलंय का? तिला तो विषय तुमच्याच हिशेबाच्या वहीवर करू द्या. तिचाही पेपर सुटेल आणि तुमचा भावही नीट ठरेल. पुढे हेच काम करायचं की नाही, ते पदवीनंतर ती सांगेल. तुमच्या दोन पानी पत्रात तिला काय हवंय याची एकही ओळ नाही, म्हणून त्यावर मी काही बोलत नाही.

परीक्षेपर्यंत इन्स्टाग्रामचं पान बंद राहिलं तरी चालेल. फोनवरच्या प्रश्नांना तोवर तुम्ही उत्तरं द्या, आगळ तुमच्याइतकं कुणाला कळतं?

एक घाईचं काम आहे. इन्स्टाग्रामवरून काढून टाकलेला व्हिडिओ ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. आजीचा व्हिडिओ डिलीट करून तीन आठवडे झाले, असं तुम्ही लिहिलंय. आज संध्याकाळी लेकीला विचारा, तिची हरकत नसेल तर तो परत आणा.