तिसरा अटेम्प्ट बाकी आहे आणि घरी काहीच सांगितलेलं नाही

पत्र मोठं होतं, थोडक्यात सांगते. मुलगी सांगलीची, वय २५, जर्मनीत एका सरकारी युनिव्हर्सिटीत मेकॅट्रॉनिक्सचं मास्टर्स करतेय. कंट्रोल इंजिनिअरिंगच्या पेपरात दोनदा नापास झालीय, फेब्रुवारीत तिसरा म्हणजे शेवटचा अटेम्प्ट. आठवड्यातल्या तीन-चार रात्री वेअरहाऊसमध्ये पार्सलं लावायला जाते. बाबांनी घर तारण ठेवून वीस लाखांचं लोन काढलंय आणि घरी 'मस्त चाललंय' एवढंच माहीत आहे. एक एजंट म्हणतोय की तिसऱ्यांदा उडालीस तर देशातून हाकलतील, त्यापेक्षा आत्ताच प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ये, मी ॲडमिशन करून देतो. ती एका इन्स्टिट्यूटमध्ये हिवी म्हणजे स्टुडंट असिस्टंट आहे, तिथेच पुढे पीएचडी करायची होती, ते आता विसरायचं का असं विचारतेय. सही केलीय 'झोप उडालेली'.

अगं झोप उडालेले,

आधी त्या एजंटाचं बघू, कारण तुझी निम्मी झोप त्यानेच उडवलीय. त्याचं अर्धं खरं आहे. शेवटचा अटेम्प्ट गेला की त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि तोच किंवा त्याच्या अगदी जवळचा कोर्स जर्मनीत दुसरीकडे करायचा म्हटलं तरी सहसा दार बंद असतं, कारण नवी युनिव्हर्सिटी जुन्या युनिव्हर्सिटीचं पत्र मागते की या मुलीचा परीक्षेचा हक्क अजून शाबूत आहे. हे हलक्यात घेऊ नकोस. पण 'हाकलतील' म्हणजे दुसऱ्या दिवशी दारात पोलीस, असं काही नसतं. तुझं इथे राहायचं परमिट शिक्षणासाठी आहे, शिक्षण थांबलं तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला स्वतःहून कळवावं लागतं, दुसऱ्या कोर्सला प्रवेश मिळाला असेल तर ते पत्र घेऊन जायचं आणि बोलायचं. या देशात कागदाशिवाय काही होत नाही, हाकलणंसुद्धा नाही.

आता तो प्रायव्हेटचा सल्ला. तू आत्ता सेमिस्टरला दोन-तीनशे युरो भरतेस, त्यातही बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये असतीस तर युरोपबाहेरची म्हणून सेमिस्टरला १५०० युरो फी पडली असती, पण तू तिथे नाहीस. प्रायव्हेटमध्ये वर्षाचे कित्येक हजार युरो जातात आणि अशा बऱ्याच एजंटांना ॲडमिशनमागे कमिशन मिळतं, म्हणून त्याला तुझी एवढी काळजी. त्याची एकच गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे कोर्स बदलायचाच असेल तर तो शेवटचा अटेम्प्ट जायच्या आधी बदललेला बरा. म्हणून दुसऱ्या एखाद्या सरकारी युनिव्हर्सिटीत, थोड्या वेगळ्या कोर्सला अर्ज टाकून ठेव, उन्हाळी सेमिस्टरसाठी बऱ्याच ठिकाणी १५ जानेवारी ही शेवटची तारीख असते. अर्ज टाकला म्हणजे गेलीस असं नाही, पण हातात एक पर्याय राहतो.

पण मला वाटतं तुला जायची गरज पडणार नाही, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला सापडलीच नाही. दोनदा नापास झालीस पण का झालीस हे कुठेच लिहिलेलं नाही. 'पेपर अवघड होता' एवढंच. म्हणजे तू आइनझिष्टला, तपासलेला पेपर बघायला, गेलीच नाहीस ना? आपली मुलं जात नाहीत. त्यांना वाटतं सरांकडे पेपर बघायला मागितला तर सर चिडतील, डूख धरतील. अगं, तो तुझा हक्क आहे. निकालानंतर इन्स्टिट्यूट एक तारीख लावते, तू ओळखपत्र घेऊन जातेस, एका खोलीत तुझी उत्तरपत्रिका तुझ्यासमोर ठेवतात, सोबत बहुतेक ठिकाणी मार्कांची विभागणी असते, कुठल्या स्टेपला किती. वीस-तीस मिनिटं मिळतात, फोन बहुतेक ठिकाणी चालत नाही. कोपऱ्यात एक असिस्टंट बसलेला असतो, त्याला विचारायचं की इथे शून्य का दिलाय. कधी बेरीज चुकलेली सापडते, मार्क वाढलेलेही मी पाहिलेत, पण तेवढ्यासाठी जायचं नाही. आपण कुठे घसरतो ते तिथे लाल शाईत दिसतं. दुसऱ्या अटेम्प्टचा पेपर बघायची तारीख उलटून गेली असली तरी आजच त्या इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीला मेल टाक, विषय, मॅट्रिकल नंबर (तुझा विद्यार्थी क्रमांक), परीक्षेची तारीख, आणि 'तिसरा अटेम्प्ट आहे, पेपर बघायला मिळेल का' एवढं लिही. फार तर नाही म्हणतील.

आणि दुसरं, तू लिहितेस की सगळ्या स्लाइड दोनदा वाचून काढल्या. इथेच तर गडबड आहे. आपल्याकडे वाचून, पाठ करून, आदल्या रात्री जागून पास होता येतं, इथल्या कंट्रोलच्या पेपरात नाही होत. पेपर लेक्चरमधून नाही, उबुंगमधून येतो, म्हणजे दर आठवड्याला जी गणितं सोडवायला देतात आणि जो तास तू रात्रपाळीमुळे झोपून काढतेस, त्यातून. (रागावत नाहीये, पण तूच लिहिलंयस की तो तास सकाळी आठचा आहे.) तुमच्या डिपार्टमेंटची विद्यार्थी संघटना असते, फाखशाफ्ट, तिथे जाऊन जुने पेपर माग. बहुतेक फाखशाफ्टकडे ते असतात. घड्याळ लावून सोडव, पुस्तक बंद करून, आणि एक ए-फोर कागद हाताने लिहून न्यायची परवानगी असेल तर तो कागद आत्तापासून बनवायला घे, परीक्षेच्या आदल्या रात्री नाही.

आता ऑफिसचं काम. तुझ्या कोर्सची परीक्षेची नियमावली, प्रुफुंग्सऑर्डनुंग, युनिव्हर्सिटीच्या साइटवर पीडीएफ असते. इंग्रजी भाषांतर असलं तरी कायद्याने जर्मनच धरतात, म्हणून जर्मन येणाऱ्या कुणाला तरी जवळ बसवून वाच आणि त्यात एवढं शोध. कंट्रोल हा सक्तीचा विषय आहे की निवडीचा, कारण निवडीचा असेल तर काही ठिकाणी त्याऐवजी दुसरा घेता येतो. तिसरा अटेम्प्ट किती दिवसांत द्यायलाच हवा, कारण काही ठिकाणी मुदत असते आणि ती उलटली की न देताच नापास धरतात, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' हे परस्पर ठरवू नकोस. परीक्षेतून नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती. आणि लेखी गेलं तर तोंडी घेतात का, काही युनिव्हर्सिटींत घेतात. हे सगळं कागदावर लिहून परीक्षा विभागात जा, नाहीतर कोर्सच्या सल्लागाराकडे. इथले लोक वाईट नाहीत, पण तू जेवढं विचारशील तेवढंच सांगतात. आपल्याकडे खिडकीतला माणूस आधी दोन शब्द सुनावतो आणि मग न विचारलेलंही सांगून टाकतो, इथे गोड हसून 'श्योनन टाग', दिवस छान जावो, म्हणतात आणि तू होतीस तिथेच.

परीक्षेच्या दिवशी खरंच ताप आला तर तसंच ओढत जाऊ नकोस. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन सर्टिफिकेट घे आणि लगेच जमा कर. पेपर देऊन, निकाल बघून मग आजाराचं सांगितलं तर सहसा कुणी ऐकत नाही.

रात्रपाळी मात्र बंद कर. मला माहितीये पैसे लागतात, व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो येतात आणि पहिल्या वर्षानंतर तेही संपतात. पण हिशोब बघ. २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि युनिव्हर्सिटीतलं हिवीचं काम त्या दिवसांत धरत नाहीत. मग इन्स्टिट्यूटमध्ये महिन्याचे तास वाढवून मिळतात का हे विचारायला काय जातंय? वेअरहाऊसइतके पैसे नाही मिळणार, पण मार्चपर्यंत काटकसरीत भागेल आणि रात्री झोपशील तरी. आठवडे-आठवडे झोप लागत नाही असं लिहिलंयस, ते मी नुसतं वाचून सोडणार नाही. मेन्सा, म्हणजे युनिव्हर्सिटीचं कॅन्टीन, चालवतं ना ते श्टुडिरेंडनवेर्क, त्यांच्याकडे समुपदेशक असतात, सहसा फुकट असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत बोलता येतं. वेटिंग असतं, म्हणून या आठवड्यातच नाव घाल.

पीएचडीचं. तुझे बाबा सगळ्यांना सांगतात ना की इरावती कर्वे बर्लिनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, आता आमची पोरगी. बाबांना सांग की इरावतीबाईंनाही तिथे काही सोपं गेलं नव्हतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या ऑयगेन फिशर नावाच्या प्रोफेसरांच्या हाताखाली होत्या, त्यांना कवट्यांच्या मापांतून वंशांमधला फरक दाखवून हवा होता, बाईंच्या मापांत तो निघाला नाही आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. असल्या गाईडपुढे उभं राहण्यापेक्षा तुझं कंट्रोल परवडलं.

इथे पीएचडीची एकच मोठी प्रवेश परीक्षा नसते. प्रोफेसर माणूस निवडतो, बहुतेक वेळा ती नोकरीच असते, सरकारी वेतनश्रेणी ई-१३, कधी अर्धी, कधी दोन तृतीयांश, इंजिनिअरिंगमध्ये बरेचदा पूर्ण. मास्टर्सची एकूण ग्रेड बघतात, थिसिस बघतात, आणि सगळ्यात जास्त बघतात की हा माणूस आमच्या लॅबमध्ये टिकेल का. तू तिथे वर्षभर काम करतेयस, सेन्सरचं कॅलिब्रेशन तू एकटीने उभं केलंस असं लिहिलंयस, हे एका विषयातल्या दोन नापासांपेक्षा खूप जड आहे. बऱ्याच ठिकाणी अंतिम मार्कशीटवर नापास झालेले अटेम्प्ट दिसतही नाहीत, तुमच्याकडे काय ते नियमावलीत बघ. पण पीएचडीचं आत्ता बोलू नकोस. आत्ता फक्त विचार की मास्टर्सचा थिसिस तुमच्याकडे करता येईल का. उरलेलं तो थिसिस ठरवेल.

राहिलं घर. तुला आईला सांगून तिच्याकरवी बाबांपर्यंत पोचवायचंय, हे मला ओळी-ओळींमधून दिसलं. नको. आई दोन महिने पोटात ठेवेल, तिचं बीपी वाढेल, आणि बाबांना तिसऱ्याच कुणाकडून कळेल, तुझ्याबरोबरची ती मिरजेची मुलगी आहे ना. रविवारी फोन कर, स्पीकर नको, फोन बाबांच्या हातात दे म्हण. रडायला आलं तर येऊ दे. सुरुवात नापासापासून करू नकोस, लोनपासून कर. कोर्स एक सेमिस्टर लांबेल, तर हप्ते सुरू होण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागायची आहे, त्यासाठी युनिव्हर्सिटीचं पत्र मी पाठवते, असं सांग. मग ते विचारतीलच की का लांबतोय.