सत्कार जरूर घ्या, पण त्या मुलाला स्टेजवर नेऊ नका

पत्र : ताई, आम्ही साताऱ्यात राहतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. मिस्टर बरीच वर्षं दर रविवारी बालगृहातल्या मुलांना गणित शिकवायला जातात. सणासुदीला मीही फराळ घेऊन जाते. तिथला एक मुलगा अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बाहेर पडला. त्याला आई-वडील नाहीत. आयटीआयला वायरमनचं दुसरं वर्ष चालू आहे, म्हणून आम्ही त्याला घरीच ठेवून घेतलं. आता गणेशोत्सवात आमच्या भागातलं मंडळ 'आदर्श कुटुंब' म्हणून आमचा सत्कार करणार आहे. मुलाने मनोगतात आम्ही त्याच्यासाठी काय केलं ते सांगावं, बालगृहातल्या लहान मुलींनी स्वागतगीत म्हणावं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यांचा फोटो असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मिस्टरांना फार आनंद झालाय. मुलगा 'तुम्ही म्हणाल तसं, काकू' एवढंच बोलला आणि त्या रात्री जेवला नाही. मुलगी म्हणते, 'खोली माझी गेली आणि सत्कार तुमचा!' नाही म्हटलं तर मंडळाचा अपमान होईल, असं मिस्टरांना वाटतं. मी काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. सत्कार घ्या. तो सोडू नका. घरात वयात आलेली मुलगी असताना परका मुलगा आणून ठेवला, हे कुणी ना कुणी तुमच्या तोंडावर किंवा पाठीमागे बोललं असेलच, तुम्ही पत्रात लिहिलं नसलं तरी. जो माणूस इतकी वर्षं रविवारची सुट्टी मोडून मुलांना गणित शिकवतो, त्याला चारचौघांत कुणी 'तुम्ही चांगलं काम केलंत' म्हणावंसं वाटलं, तर त्यात काहीही गैर नाही. मिस्टरांच्या आनंदावर पाणी टाकू नका. अशी घरं लोकांना दिसली पाहिजेत. एका घराने केलेलं पाहिलं की शेजारच्या घरालाही धीर येतो.

पण मुलाला स्टेजवर नेऊ नका. याबाबत मी ठाम आहे.

बालगृहात वाढदिवस, पुण्यतिथी, पाहुण्यांच्या भेटी सतत चालू असतात. कुणी केक आणतं, कुणी वह्या, कुणी फळं. मुलं रांगेत बसतात, गाणं म्हणतात, हातातली वस्तू धरून कॅमेऱ्याकडे बघतात आणि आभार मानतात. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या मुलाने हे लहानपणापासून केलंय. जेवणाच्या बदल्यात काही म्हणून दाखवावं लागत नाही, अशी त्याला मिळालेली पहिली जागा कदाचित तुमचं घर असेल. आता तिथेही माइक हातात दिला, तर तो काय समजेल? शिवाय आयटीआयमधल्या मित्रांना त्याने आपल्या घराबद्दल काय सांगितलंय, हे आपल्याला माहीत नाही. चौकातल्या फ्लेक्सने ते एका दिवसात उघडं पडेल.

'तुम्ही म्हणाल तसं' हा होकार नाही. ज्याला जायला दुसरं घर नाही, तो नाही कसं म्हणणार? म्हणून त्याला पुन्हा विचारत बसू नका, विचारलंत तर तो परत तुमच्या मनासारखंच उत्तर देईल. मिस्टरांनी त्याला सरळ सांगावं : 'तू बोलणार नाहीस असं आम्हीच मंडळाला कळवतोय. तुझं नाव, फोटो, तुझं आधीचं काही कुणी काढणार नाही. तुझं शिक्षण पुरं होईपर्यंत तू इथेच आहेस.' हे मिस्टरांच्याच तोंडून यायला हवं, कारण सत्काराची हौस त्यांना आहे हे मुलाने पाहिलंय. त्या संध्याकाळी त्याला खाली प्रेक्षकांत बसायचं असेल तर बसू दे, मित्रांकडे जायचं असेल तर जाऊ दे.

लहान मुलींचा प्रश्न तर कायद्याचाच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात किंवा कोणत्याही दृक्‌श्राव्य माध्यमात देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. उत्सवातलं व्हिडिओ शूटिंग आणि लगेच मोबाइलवर फिरणारे फोटो लक्षात घेता स्वागतगीताचा बेत रद्दच करायला सांगा.

मंडळाला हे पटवायचं तर जोतीराव आणि सावित्रीबाईंची आठवण द्या. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे येणाऱ्या विधवांची नावं बाहेर जाऊ न देणं हाच त्या कामाचा पाया होता. त्या नवरा-बायकोंचं नाव आज सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि तिथे बाळंत झालेल्या बहुतेक बायकांची नावं कुणालाच माहीत नाहीत. ते तसंच असायला हवं होतं.

आता तुमची मुलगी. तिचा राग मला अगदी रास्त वाटतो. बारावीचं वर्ष आणि खोली गेली, हा तिने केलेला त्याग आहे, आणि बहुधा तो तिच्याकडून गृहीत धरला गेला. सत्कार कुटुंबाचा असेल तर पहिलं नाव तिचं पुकारायला सांगा, मग सासूबाईंचं. या वयात त्यांनीही एका अनोळखी मुलाला आपलं म्हटलंय. पण त्याआधी घरातला प्रश्न सोडवा. परीक्षेपर्यंत खोली तिला परत द्या, मुलगा बाहेरच्या खोलीत झोपेल. बालगृहात अनेकांसोबत वाढलेल्या मुलाला त्यात वावगं वाटणार नाही. उलट आपल्यामुळे तिची खोली गेली, याचं ओझं त्याच्या मनावर असेल.

आणि मंडळाकडून शाल-श्रीफळापेक्षा मोठं काहीतरी मागा. या मुलांना अठरानंतर भाड्याने खोली मिळत नाही, कारण डिपॉझिट नसतं आणि ओळख देणारं कुणी नसतं. कुणी जामीन राहावं, कुणा कॉन्ट्रॅक्टरने अप्रेंटिस म्हणून घ्यावं. मंडळात असे लोक नक्की असतील. शिवाय अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, मिशन वात्सल्य योजनेत महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. सर्वसाधारणपणे वयाच्या २१ वर्षांपर्यंत. तुमच्या मुलासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. अनाथ प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही बघा, राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे.

मिस्टरांनी भाषणात मुलाबद्दल न बोलता रविवारच्या वर्गाबद्दल बोलावं : सुरुवात कशी केली, बालगृहाच्या अधीक्षकांना कसं भेटायचं, नव्या माणसाला काय करता येईल. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. अठराच्या आतलं मूल कुणालाही परस्पर घरी आणता येत नाही, त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो. सत्कार पाहून उत्साहाने कुणी तसं करायला जाऊ नये.

राहिला अपमानाचा प्रश्न. फ्लेक्स छपाईला जाण्याआधी मिस्टरांनी कार्याध्यक्षांना स्वतः जाऊन भेटावं आणि सांगावं, 'आम्ही चौघं येतो, मुलगा स्टेजवर येणार नाही, लहान मुलीही नकोत.' नीट सांगितलं तर मंडळ ऐकेल असं मला वाटतं. नाहीच ऐकलं, तर आभार मानून सत्कार नाकारा, आणि का नाकारला ते मिस्टरांनी त्या मुलाला स्वतः सांगावं.