म्युझस्कोअरमध्ये पियानोचं फिंगरिंग पटापट कसं भरायचं?

तुम्ही लिहिलंय की म्युझस्कोअर या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धड्यातल्या सुरांच्या नोट्स चटकन टाइप होतात, पण प्रत्येक नोटेवर फिंगरिंग, म्हणजे ती कुठल्या बोटाने वाजवायची त्याचा आकडा (१ अंगठा ते ५ करंगळी), टाकण्यात अख्खी संध्याकाळ जाते. पटापट टाकायची रीत सांगते. पण प्रत्येक नोटेवर आकडा हवाच, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आधी रीत. पहिल्या नोटेला पॅलेटमधून (बाजूच्या चिन्हांच्या यादीतून) आकडा लावा, त्यावर डबल-क्लिक करा, हवा तो आकडा टाइप करून स्पेस दाबा. थेट पुढच्या नोटेवर जाता, शिफ्ट-स्पेसने मागे. मधे माउसला हात लावायचा नाही. डोरिको हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी शिफ्ट-एफ दाबून आकडा आणि स्पेस, असंच करत जायचं. आकड्यांचा साइज बदलायचा असेल तर एकेक धरत बसू नका. स्टाइलमध्ये फिंगरिंगची टेक्स्ट स्टाइल बदलली की सगळीकडे बदलतो.

आता माझा मुद्दा. मी नाशिकला पियानो आणि कीबोर्ड शिकवते. आधी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये शिकवायचे. तिथल्या सरांचा दंडक होता की झेरॉक्सवर एकही नोट आकड्याविना राहता कामा नये. कारण विचारलं तर म्हणाले, "पालकांना आकडे दिसले की मुलं काहीतरी शिकताहेत असं वाटतं." ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

त्याच क्लासची तिसरीतली एक मुलगी ग्रेडच्या परीक्षेसाठी माझ्याकडे दिली होती. तिने पीस वाजवून दाखवला, बरा वाजवला. मी मधल्याच एका नोटेवर पेन्सिल टेकवून विचारलं, "ही कुठली गं?"

"तीन."

"अगं, नाव काय तिचं?"

"तीनच आहे मॅडम."

वर खरंच ३ छापलेलं होतं. पोरीने स्टाफकडे, म्हणजे नोटा ज्यावर लिहितात त्या पाच रेघांकडे, कधी पाहिलंच नव्हतं. आकडे वाचायचे आणि बोटं दाबायची, एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. हात एक पांढरी पट्टी सरकला की सगळं चुकायचं, आणि का चुकलं ते तिला कळायचं नाही.

त्या रात्री मी फाइल उघडली. एका आकड्यावर राइट-क्लिक, सिलेक्टमधून तसलेच सगळे निवडले, आणि व्ही दाबलं. डिलीट नाही, व्ही. आकडे फाइलमध्ये राहतात, स्क्रीनवर फिकट दिसतात, प्रिंटमध्ये येत नाहीत. मग हवे तेवढेच परत दाखवले. एफ मेजरची चढती धाव होती, उजव्या हाताची. एफवर १, बी-फ्लॅटवर ४, लगेच सीवर १. बस. मधल्या जी आणि ए वर २ आणि ३ आपोआपच पडतात, ते छापून काय मिळवायचं? अंगठा कुठे खालून घ्यायचा, एवढंच मुलाला सांगावं लागतं.

सुरुवातीला ती अडखळली. आईचा फोन आला, "मॅडम, हिला आधी सगळं येत होतं." सरांनी वेगळंच काढलं, "पुस्तकात छापलेलं फिंगरिंग काढणाऱ्या तुम्ही कोण?" अहो, बहुतेक पुस्तकांतलं फिंगरिंग संपादकाचं असतं, रचनाकाराचं नाही. आणि रचनाकाराचं असलं तरी काय? बाख या जर्मन रचनाकाराने १७२० साली थोरल्या मुलासाठी वही सुरू केली, तिच्यातल्या ॲप्लिकाशिओ नावाच्या छोट्या रचनेत उजव्या हाताच्या चढत्या सुरावटीला ३-४-३-४ असे आकडे आहेत. आज कोण शिकवतं तसं? फिंगरिंग हाताप्रमाणे ठरतं. त्या मुलीच्या हातात सप्तक मावत नव्हतं, आणि पुस्तक मोठ्यांच्या हाताचे आकडे देत होतं. ते तसेच ठेवले असते तर तिचं मनगट ताठ झालं असतं. हे मी सरांना तोंडावर सांगितलं आणि थोड्याच दिवसांत क्लास सोडला. ती मुलगी माझ्याकडेच राहिली. आता नवीन पान समोर ठेवलं की स्वतः पेन्सिलीने आकडे घालते, तेही दोन-चारच.

म्हणून म्हणते, हात जिथे सरकतो तिथेच आकडा टाका. तुमचं काम आपोआप निम्म्याहून कमी होईल. एका मुलासाठी केलेला भाग दुसऱ्याच्या फाइलमध्ये न्यायचा असेल तर एफ६ दाबून सिलेक्शन फिल्टरमध्ये फिंगरिंगची खूण काढा आणि मग कॉपी करा. नोट्स जातात, आकडे मागे राहतात.

हे सगळं पियानोपुरतं. व्हायोलिनला १ म्हणजे तर्जनी, अंगठा नव्हे, आणि तिथे आकड्यावरून पोझिशन, म्हणजे हात तारेवर कुठे ठेवायचा तेही कळतं, त्यामुळे जास्त आकडे लागू शकतात. गिटारचंही वेगळं. आणि अगदी पहिल्या महिन्यातल्या मुलाला दोन्ही हातांच्या पहिल्या नोटेवर आकडा द्याच, नाहीतर तो हात कुठेही ठेवतो.