पाणी बदलताना मासे टाकीतच राहू द्या

पाणी बदलायचं म्हणून मासे जाळीने पकडून बादलीत टाकू नका, त्या धावपळीतच ते घाबरेघुबरे होतात. आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी काढलं तरी पुरतं.

खरी गोम नळाच्या पाण्यात आहे. त्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. पण काही ठिकाणी क्लोरामाइन घालतात, ते असं जात नाही. म्हणून दोन्हींवर चालणारं अँटी-क्लोरीन घ्या आणि पाणी टाकीत ओतायच्या आधीच घाला. नवं पाणी टाकीतल्याइतकंच कोमट हवं, थर्मामीटर असेल तर उत्तमच.

हीटर आधी बंद करा. पाणी उतरून हीटरची तापलेली काच उघडी पडली की तडकते. सायफनच्या, म्हणजे पाणी ओढून काढायच्या नळीच्या, तोंडाला जाळीचा तुकडा बांधा, नाहीतर गप्पीची पिल्लं सुर्रकन ओढली जातात. भरताना टाकीत बशी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली अजिबात धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच पिळा. त्यातले उपयोगी जिवाणू मेले तर विषारी अमोनिया वाढतो आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असूनही मासे वर येऊन धापा टाकायला लागतात.