जवानाचं तोंड उघडताना

इंदूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. ओरल मेडिसीनमध्ये, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या निदानात, एम.डी.एस. ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेऊन तुला आर्मी डेंटल कोअरमध्ये, फौजेच्या दंतवैद्यकीय शाखेत, जायचंय, आणि घरचे विचारतात, फौजेत दात बघायला एवढं शिकायचं कशाला? त्यांना सांग, १९४१ साली ही कोअर उभी राहिली ती काही फक्त दाढा उपटायला नाही. नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेचे गुण, मुलाखत, मेडिकल हे सगळं तू जाहिरातीत वाचशीलच. मी वेगळं सांगतो.

जवान दुखणं लपवतो. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली गेली की बढती अडते, कोर्स हुकतो, याची त्याला धास्ती असते. त्यामुळे विचारलंस की "सब ठीक है, मॅडम" एवढंच ऐकू येईल.

माझ्या सुरुवातीच्या एका पोस्टिंगवर एक हवालदार दाढ काढायला आला. बाहेर रांग होती. दाढ काढली, गोळ्या लिहिल्या, पाठवून दिला. जीभ पाहिलीच नाही. आठ महिन्यांनी तो मानेत गाठ घेऊन आला आणि जिभेच्या कडेला मोठा व्रण होता, कॅन्सरचा. चूक सर्वस्वी माझी होती. इतक्या वर्षांनीही ती सलते.

तेव्हापासून माणूस कशासाठीही येवो, मी जीभ गॉजने, म्हणजे जाळीदार पट्टीच्या कापडाने, धरून बाहेर ओढायचो, दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा बघायचो. टोचणारा दात वगैरे जे काही निमित्त असेल ते दूर केल्यावरही दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला की बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हेही त्याला करायला सांग. जात नसतील आणि गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागत असेल, तर सुपारीने आतले तंतू आवळत आणलेत. आपल्या मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी शेवटच्या पोस्टिंगला महूत असताना असली तोंडं मी पुष्कळ पाहिली. रागावू नकोस. रागावलीस की तो पुन्हा येत नाही.

दुसरी फसगत चेहऱ्याच्या कळेची. दात धडधाकट, पण गार वारा लागला, दाढी करताना वस्तरा फिरला की गालात वीज चमकल्यासारखं होतं. हे ट्रायजेमिनल नर्व्हचं, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेचं, दुखणं. इथे कार्बामाझेपिन हे नसेच्या कळेवरचं औषध लागतं. पण तुझ्याकडे येईपर्यंत त्याचे एक-दोन चांगले दात कुणीतरी काढलेले असतात.

आणि दातांचा तक्ता कंटाळा न करता भर. कुठे फिलिंग, कुठे कॅप, कुठला दात नाही, सगळं. विमान कोसळलं किंवा आग लागली, तर कधी कधी त्या कागदावरूनच ओळख पटते आणि घरच्यांना आपला माणूस मिळतो. हे काम मी केलंय. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

रविवारी घरी ये. माउथ मिरर आणि गॉज घेऊन ये. माझीच जीभ धरून कडा बघून दाखव.

तुझा,
काका