तिथी बघून समुद्रावर जा

बाळा,

डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या बोर्डीला घर भाड्याने घेऊन राहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मे महिन्यातले कुठले दिवस घेऊ, असं तू विचारलंस. शनिवार-रविवार धरून ठरवू नकोस. पंचांग काढ आणि तिथी बघ.

आपण नाशिकची, गोदाकाठची माणसं. आपल्याकडे पाणी चढतं ते पावसाळ्यात, गंगापूर धरणातून सोडलं की, आणि ते किती चढलं हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून कळतं. समुद्र रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची वेळ पाऊण तासाने पुढे जाते. किनाऱ्यावरच्या लोकांचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. बोर्डीला थोडं मागेपुढे होतं, तेव्हा घरमालकांना विचारून खात्री करून घे.

तुझी मुलं दोन आणि पाच वर्षांची. त्यांच्यासाठी पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी उत्तम. भरती येते ती ऐन दुपारी, मुलं जेवून झोपलेली असताना. सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी पाचनंतर, म्हणजे ऊन सोसवेल अशा दोन्ही वेळांना पाणी मागे हटत असतं. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मुलांना ओल्या वाळूचं मैदानच मिळतं.

त्या वाळूवर धाकट्याला उकिडवं बसव आणि थोडा वेळ हलू नकोस. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतील. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाणं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी बाजूला टाकायची, असं त्यांचं चाललेलं असतं. बिळाभोवती त्या गोळ्यांची नक्षी होते. सावली हलली की सगळे गायब. दोन वर्षांचं मूल यात अर्धा तास रमतं, त्याला बोटीची फेरी नको असते आणि घोडागाडीही नको असते.

आता भीतीचं सांगते, ते मनावर घे. सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी समोरूनच येतं असं नाही. आधी मागचे खोलगट पट्टे भरतात आणि माणूस मधल्या उंचवट्यावर अडकतो. म्हणून पाणी वळायच्या आत मुलांना घेऊन वर यायचं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. ‘सगळे आहोत की’ या भरवशावर कुणाचंच लक्ष नसतं, तेव्हा पाण्यापाशी एका वेळी एकाच मोठ्या माणसाचं नाव घेऊन मुलांची जबाबदारी द्यायची. त्या माणसाने फोन दुसऱ्याकडे द्यायचा.

समुद्राइतकीच काळजी मला वाडीतल्या विहिरीची वाटते. पैसे भरण्याआधी विचार: विहिरीवर जाळी आहे का, हौद झाकलेला आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर बघ, कितीही स्वस्त असलं तरी.

बाकी थोडक्यात. त्र्यंबक-जव्हारचा रस्ता वळणांचा आहे, मुलांना पोटभर दूध पाजून निघू नकोस. नाशिकच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलांना तिकडच्या दमट हवेत घामोळं येतं; सुती कपडे जास्त घे. ताडगोळे भरपूर खाऊ घाल, घोलवडचे चिकू मिळाले तर तेही. मेच्या शेवटाकडे वारा वाढतो, समुद्र खवळायला लागतो, म्हणून पहिला पंधरवडा बरा. आणि पाच रात्री एकाच घरात राहा. आज डहाणू, उद्या केळवे अशी धावपळ मोठ्यांच्या हौसेची असते, त्यात मुलांचे हाल होतात.

तिथी ठरली की कळव, भरतीचा हिशेब दोघी मिळून एकदा तपासू.

तुझी,
काकू