वाचकांचे प्रश्न : आसियानशी जमवून घ्यायचं ते कसं?

प्रश्न : दक्षिण चीन समुद्रात चीनची अरेरावी उघड दिसते, तरी भारत-आसियान संयुक्त निवेदनात त्याचं नाव येत नाही. आपण कचरतो का? (पुणे)

उत्तर : कारण आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या कामाच्या पद्धतीत आहे. तिथे मतदान होत नाही. सनदेनुसार निर्णय सल्लामसलतीने आणि सहमतीने होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते आल्यावर सदस्य ११ झाले. त्यातला एक जरी अडला तरी वाक्य गळतं. जुलै २०१२ मध्ये नॉम पेन्हला तर अख्खं निवेदनच गळलं. फिलिपिन्स आणि व्हिएतनामला समुद्रातल्या घटनांचा उल्लेख हवा होता, यजमान कंबोडियाला तो नको होता, आणि ४५ वर्षांत पहिल्यांदाच परराष्ट्रमंत्री संयुक्त निवेदनाविना परतले.

म्हणून मसुद्यात संयुक्त राष्ट्रांचा १९८२चा सागरी कायदा करार, नौकानयनाचं स्वातंत्र्य, वाद शांततेने सोडवणं असे शब्द येतात. लाओसला त्यावर हरकत घेता येत नाही. फिलिपिन्सला हवा तो आधारही मिळतो, कारण चीनविरुद्ध त्याच्या बाजूने लागलेला २०१६चा लवादाचा निवाडा याच करारावर उभा आहे. यात मला मिळमिळीतपणा दिसत नाही. चीनचं नाव घेणारं पण सहमतीअभावी कधीच न निघणारं निवेदन फिलिपिन्सच्या काय कामाचं?

शिखर परिषदेच्या आठवड्यात मसुदा हाती घेतला तर वेळ गेलेली असते. आधी समन्वयक देशाशी, म्हणजे आसियानच्या वतीने भारताशी संबंध सांभाळणाऱ्या सदस्याशी, बोलायचं, मग वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक, जुलैच्या सुमारास परराष्ट्रमंत्री आणि वर्षअखेरीकडे नेते. भारतासाठी २०२४ ते २०२७ समन्वयक फिलिपिन्स आहे आणि २०२६चं अध्यक्षपदही त्याच्याकडेच. हे सोयीचं वाटतं, पण धोकाही इथेच आहे. फिलिपिन्स स्वतः या वादात पक्षकार असल्याने त्याच्या हातून आलेला मसुदा इतरांना एका बाजूचा वाटू शकतो. व्हिएन्टियान (लाओस) आणि नॉम पेन्ह (कंबोडिया) यांच्याशी दिल्लीने स्वतंत्रपणे, आणि आधी, बोललं पाहिजे.

आसियान स्वतःचा तोल किती जपते पाहा. सर्वंकष सामरिक भागीदारीचा दर्जा २०२१ मध्ये चीन आणि ऑस्ट्रेलियाला मिळाला, २०२२ मध्ये अमेरिका आणि भारताला. अशा संघटनेला ‘आमच्या बाजूने या’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. शस्त्रांचे व्यवहार एकेका देशाशी करावेत. ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सशी झाला आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. आसियानच्या सहमतीची गरज पडली नाही.

प्रश्न : आम्ही पंपाचे सुटे भाग इंडोनेशियाला पाठवतो. मूल्यवर्धन ६० टक्के असूनही तिथल्या कस्टम्सने करसवलत नाकारली. का? (कोल्हापूर)

उत्तर : कच्चं कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरून, समजा चीनमधून, येत असेल तर अडचण बहुधा तिथेच आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या भारत-आसियान वस्तू करारात दोन अटी एकत्र पाळाव्या लागतात : एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं, आणि परदेशी कच्च्या मालाचा सहा अंकी एचएस क्रमांक (कस्टम्समधला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) तयार मालात बदललेला. पंपाचा आकार घेतलेलं कास्टिंग ८४१३.९१ मध्ये मोडतं आणि मशिनिंग केलेला भागही ८४१३.९१ मध्येच राहतो. मूल्यवर्धन ६० टक्के असो वा ८०, दुसरी अट मोडली की सवलत गेली. त्याच भागांपासून पूर्ण सेंट्रिफ्यूगल पंप जोडून पाठवलात तर क्रमांक ८४१३.७० होतो आणि ती अट पूर्ण होते. स्थानिक फाउंड्रीतलं कास्टिंग घेतलंत तर प्रश्नच मिटतो. मात्र त्याची बिलं जपून ठेवा.

इतर नेहमीच्या चुका : फॉर्म एआय या, माल कोणत्या देशाचा ते सांगणाऱ्या प्रमाणपत्रावरचा एचएस क्रमांक आणि इन्व्हॉइसवरचा वेगळा असणं, माल सिंगापूरमार्गे जाताना थेट शेवटच्या बंदरापर्यंतचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) नसणं. आणि सगळ्यात आधी खरेदीदाराकडून तिथला सर्वसाधारण आयातकर विचारून घ्या. तो शून्य असेल तर या प्रमाणपत्रावर वेळ घालवू नका.

प्रश्न : चीन एवढा पैसा ओततो. आपण काय देणार? (नागपूर)

उत्तर : पैशात बरोबरी होणार नाही. कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम यांच्यासाठी भारताचे सुमारे ५० हजार डॉलरपर्यंतचे छोटे प्रकल्प आहेत आणि ते उपयोगी पडतात, कारण ते देशादेशांत ठरतात. आसियान-भारत निधीतला प्रकल्प मात्र संबंधित खात्यांची समिती, जकार्तातलं सचिवालय आणि स्थायी प्रतिनिधींची समिती अशा टप्प्यांतून जातो. अर्ज अर्धवट असेल तर तो तिथेच रेंगाळतो.

खरी दुखरी जागा व्यापाराची आहे. २०२३-२४ मध्ये आसियानला आपली निर्यात सुमारे ४१ अब्ज डॉलर, तर आयात सुमारे ८० अब्ज. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण आरसेप या आसियान आणि शेजारी देशांच्या व्यापार करारातून बाहेर राहिलो; चीन मात्र आत आहे, त्यामुळे या भागातले व्यापाराचे नियम आपल्याशिवाय ठरतात. अशा वेळी २००९ मध्ये सह्या झालेल्या वस्तू कराराचा फेरआढावा हेच आपल्या हातातलं मोठं साधन उरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी तो २०२५ पर्यंत संपवण्याचं ठरवलं होतं. माझ्या मते दिल्लीने आपले सर्वात अनुभवी वाटाघाटीकार याच कामाला लावायला हवेत, आणि मूळ देशाच्या, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा या, नियमांवर बोलताना कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या कारखानदारांना आधी विचारायला हवं.